आधी बॅग की आधी रिलॅक्सन्ट? वादाची पार्श्वभूमी

"आधी मास्कने (म्हणजे मास्कला जोडलेली बॅग हाताने दाबून) श्वास देता येतोय ना ते बघा, मगच रिलॅक्सन्ट (स्नायू ढिले करणारं औषध) द्या" हा नियम भूलशास्त्रात सगळ्यांना पाठ असतो, पण तो कुठून आला हे फारसं कुणी सांगत नाही. १९४२ च्या जानेवारीत मॉन्ट्रियलला ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी ऑपरेशनच्या वेळी क्युरारी हे रिलॅक्सन्ट वापरलं, तिथून भूल आणि स्नायू ढिले करणं या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, आणि पेशंटचा स्वतःचा श्वास आपण बंद करतोय ही भीतीही तेव्हाचीच. पुढची लांब टिकणारी रिलॅक्सन्ट पटकन उलटवता यायची नाहीत, त्यामुळे भीती अगदी रास्त होती.

मग भूल देताना ओपिऑइड्सचे (मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामकांचे) मोठे डोस आले. १९६० च्या सुमारास यानसेन यांनी फेंटानिल बनवलं, १९६९ मध्ये लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी हार्टच्या पेशंटना मॉर्फिनचे मोठे डोस दिले, सत्तरीच्या शेवटी तेच फेंटानिलने होऊ लागलं. हृदयाला छान, पण डोस मोठा आणि भरभर गेला की मिनिटा-दीड मिनिटात पेशंट ताठ, बॅग दाबली तरी छाती हलत नाही, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) उतरायला लागतं. याला लाकडी छाती म्हणायचे आणि सगळा दोष छातीच्या स्नायूंवर जायचा.

खरी गंमत पुढे आहे आणि मला तरी हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९९७ मध्ये बेनेट आणि सहकाऱ्यांनी सुफेंटानिलने (फेंटानिलच्याच जातीचं ओपिऑइड) भूल दिलेल्या पेशंटच्या घशात फायबरऑप्टिक स्कोप (आत बघायची बारीक लवचिक नळी) घालून बघितलं, तर बहुतेकांच्या स्वरतंतूंची फट घट्ट मिटलेली, आणि रिलॅक्सन्ट दिल्यावर ती उघडली, बॅग सहज चालायला लागली. म्हणजे अडथळा मुख्यतः घशात होता. आता अशा वेळी नियम धरून "बॅग चालत नाही म्हणून रिलॅक्सन्ट नको" म्हणत बसलं तर ज्याने दार उघडणार तेच औषध आपण हातात धरून थांबलोय! जोरात बॅग दाबली तर हवा पोटात जाते ते वेगळंच. २००८ मध्ये कॅल्डर आणि येंटिस या भूलतज्ज्ञांनी या नियमावरच उघड प्रश्न विचारला आणि वाद पेटला.

त्याच वर्षी युरोपात सुगामाडेक्स हे उतारा औषध आलं, रोक्युरोनियम या रिलॅक्सन्टचा परिणाम झटपट उतरवता यायला लागला, त्यामुळे बऱ्याच जणांची भीती कमी झाली. पण एक लक्षात ठेवा, त्याने फक्त रिलॅक्सन्ट उतरतं, ओपिऑइडने दाबलेला श्वास तसाच दाबलेला राहतो, त्याला नॅलोक्सोन हा ओपिऑइडचा उताराच लागतो.