आवाज कुठून येतो ते नंतर, कशाबरोबर बदलतो ते आधी

जुन्या गाडीत बसून आवाजाची जागा कानाने ठरवायला गेलं की हमखास फसगत होते. मागच्या चाकातली घूंघूं बॉडीच्या पत्र्यातून पुढे येते, काचांवरून परतते आणि डॅशबोर्डमागेच काहीतरी बिघडलंय असं वाटायला लागतं. म्हणून जागेचा नाद तूर्त सोडा. आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो, चाकांच्या वेगाबरोबर, की फक्त खड्ड्यात येतो, एवढं आधी पाहा.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ५० किमीला क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर सोडा. चावी मात्र बंद करू नका. इंजिन थांबलं की ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जड होतात. इंजिन मंदावूनही आवाज तसाच राहिला, तर दोष टायर, चाकाचं बेअरिंग किंवा एक्सलमध्ये (चाक फिरवणाऱ्या दांड्यात). इंजिनाबरोबर तोही उतरला, तर गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस देऊन खात्री करा.

चाकाचा ठोका चक्क मोजता येतो. १३ इंची रिमच्या छोट्या गाडीत टायरचा परीघ साधारण पावणेदोन मीटर असतो, म्हणजे ताशी १० किमीला चाक दोन सेकंदांत तीनेक फेऱ्या मारतं. टकटक याच तालात असेल तर आधी टायरमध्ये रुतलेला खडा किंवा खिळा शोधा. फुकटातलं निदान आहे, तरी बहुतेक जण ते सगळ्यात शेवटी करतात.

वेगाबरोबर चढत जाणारी घूंघूं बेअरिंगची असते किंवा वेडीवाकडी झीज झालेल्या टायरची. डांबरी रस्ता संपून काँक्रीट लागताच सूर बदलला, तर टायरवर संशय घ्या. बेअरिंगसाठी गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग गेलंय. मग गाडी जॅकवर घेऊन (बाकीच्या चाकांना दगड लावून) एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. कानाला न कळणारी खरखर बोटांना कळते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना येणारी कटकट एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटची. त्यावरचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, धूळ आत जाते आणि आतल्या गोळ्यांच्या खाचा झिजतात. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले आणि कटकट अजून नसेल, तर नवा बूट आणि ग्रीस यांवर बहुधा भागतं. कटकट सुरू झाल्यावर जॉइंटच बदलावा लागतो.

स्पीडब्रेकरवरची खडखड बहुतेकदा सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडची (छोट्या जोडदांडीची) किंवा लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, रबरी बुशची असते.

इंजिनाकडे बेल्टची किंचाळी सगळ्यात सोपी. चालू इंजिनात बेल्टच्या आतल्या, खाचांच्या बाजूवर दुरून थोडं पाणी फवारा. आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाहीत. टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) बारीक टिकटिक इंजिनाच्या दोन फेऱ्यांना एकदा येते, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेऱ्यांना) ती सेकंदाला सहा-सात भरते. थंड इंजिनात दोन मिनिटं ऐकू आली तर लगेच घाबरायला नको. भार दिल्यावर येणारी खोल, जड ठकठक मात्र कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची असू शकते. सोबत ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन जागेवर बंद करा, डिपस्टिकवर ऑइल तपासा आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या.