टीडीएस मीटरला न दिसणारे विष

गेल्या महिन्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकायला एक गृहस्थ आले होते. त्यांनी बोअरवेलच्या आणि नळाच्या पाण्यात टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण आकड्यात दाखवणारा मीटर, बुडवून दाखवला आणि ज्याचा आकडा कमी ते पाणी शुद्ध, असे सर्वांना सांगितले. आमच्याकडे रात्रपाळीला असणारे सुरक्षारक्षक बिहारमधील भोजपूर जिल्ह्याचे आहेत. गावच्या चापाकलचे, म्हणजे हातपंपाचे पाणी याच मीटरने तपासता येईल का, असे त्यांनी विचारले, आणि त्यांना होकार मिळाला. हे उत्तर चुकीचे आहे, आणि भोजपूरच्या माणसाला दिलेले म्हणून धोक्याचेही आहे.

याच जिल्ह्यातल्या सेमरिया ओझा पट्टी या गावी २००२ साली हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक सापडले. त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, १९८३ मध्ये, कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या छातीवरचे काळे ठिपके आणि तळहात-तळपायांवरच्या कडक गाठी पाहून हे पाण्यातले विष ओळखले होते. अनेक ठिकाणी अशा रुग्णांना महारोगी समजून वाळीत टाकले गेले आणि मुलींची लग्ने मोडली, याचे फार वाईट वाटते. तळ्यांच्या पाण्यातून होणारा पटकी आणि अतिसार टळावा, या चांगल्या हेतूनेच बंगालच्या मैदानात गावोगाव हातपंप बसले होते. वाळूतून गाळून आलेल्या पाण्यात जंतू कमी असतात, हे खरेच आहे. परंतु जंतू नाहीत म्हणजे पाणी निर्दोष, हा पुढचा निष्कर्ष मात्र खरा नाही.

हे आर्सेनिक कोणत्या कारखान्यातून आले, असा प्रश्न हमखास विचारला जातो. ते हिमालयातून आले. गंगा आणि ब्रह्मपुत्रा दरवर्षी सुमारे एक अब्ज टन गाळ वाहून आणतात, आणि त्यातल्या वाळूच्या कणांवर गंजाचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा, पातळ लेप असतो. आर्सेनिक या लेपाला घट्ट चिकटलेले असते. त्याचे प्रमाणही विशेष नसते. एक किलो गाळात काही मिलिग्रॅम, म्हणजे जगातल्या बहुतेक मातीत असते तेवढेच. मग इथेच ते पाण्यात का उतरते? या प्रश्नाचे उत्तर मला भूजलशास्त्रातले सर्वांत विलक्षण उत्तर वाटते.

गाळाबरोबर पाने, मुळे, शेवाळ असा सेंद्रिय पदार्थही गाडला जातो. तो खाऊन जगणाऱ्या जिवाणूंना आपल्याप्रमाणेच श्वसन करावे लागते, आणि श्वसन म्हणजे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन कोणाच्या तरी स्वाधीन करणे. आपण ते ऑक्सिजनला देतो. जमिनीखालचा ऑक्सिजन लवकर संपतो. मग पाळी येते नायट्रेटची, त्यानंतर मँगनीजची, आणि तेही संपले की लोहाची. प्रत्येक पायरीवर मिळणारी ऊर्जा कमी होत जाते. लोहाच्या पायरीवर आणखी एक अडचण आहे: ऑक्सिजन आणि नायट्रेट पाण्यात विरघळलेले असतात, ते पेशीच्या आत घेता येतात, पण गंज हा घन पदार्थ आहे. १९८७ मध्ये अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळात सापडलेल्या जिओबॅक्टर या जिवाणूने यावर जो मार्ग काढला आहे, तो असा की तो गंज आत घेत नाही, इलेक्ट्रॉनच बाहेर पाठवतो. पेशीच्या बाहेरच्या आवरणात लोहयुक्त प्रथिनांची साखळी असते आणि तिच्यावरून इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जात खनिजापर्यंत पोहोचतो. तो मिळताच फेरिक लोहाचे फेरस लोह होते, फेरस लोह पाण्यात विरघळते, लेप नाहीसा होतो आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. मैदान इतके सपाट आहे की भूजल अत्यंत मंद गतीने सरकते, त्यामुळे मोकळे झालेले आर्सेनिक वाहून न जाता तिथेच साठत राहते.

याच क्षपणाच्या, म्हणजे पदार्थांना इलेक्ट्रॉन मिळण्याच्या, वातावरणात आर्सेनेट या आर्सेनिकच्या एका रूपाचेही आर्सेनाइट हे दुसरे रूप होते. आर्सेनेटवर ऋण प्रभार असतो. आर्सेनाइट मात्र सामू (pH) ९.२ च्या आसपास जाईपर्यंत बहुतांशी प्रभाररहित राहते, आणि भूजलाचा सामू साधारण ७ च्या जवळ असतो. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. प्रभारच नसलेला रेणू वीज वाहण्यास हातभार लावत नाही, म्हणून आर्सेनाइट त्या मीटरला दिसतच नाही. समजा, ते सगळे आर्सेनेट असते, तरी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठीच्या ०.०१ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वीसपट विष, पूर्ण अंकांत ४०० दाखवणाऱ्या मीटरवर एका अंकाचाही फरक करणार नाही. पाणी उकळूनही उपयोग नाही. वाफ निघून जाते आणि आर्सेनिक भांड्यात अधिक दाट होऊन उरते.

आपल्याकडे बोअरवेल कुठे घ्यायची हे ठरवायला आजही पाणाडी बोलावतात, हातावर नारळ ठेवून किंवा पायाळू माणसाला फिरवून पाणी शोधतात, आणि त्यावर सुशिक्षित सोसायट्याही पैसे खर्च करतात. बेसाल्टच्या भेगांमध्ये पाणी कुठे तरी लागते, कुठे तरी लागत नाही, त्यामुळे अशा समजुतींना जागा मिळते. गंगेच्या मैदानात पाणी जवळपास कुठेही लागते. तिथला प्रश्न ते कोणत्या थरातले आहे, एवढाच आहे. बंगालच्या मैदानात करडी वाळू म्हणजे गंज विरघळून गेलेला, नव्या गाळाचा थर. तांबूस वाळू म्हणजे लेप अजून शाबूत असलेला, जुना थर, आणि त्यातले पाणी बहुधा सुरक्षित असते. तिथे साधारण १५० मीटरच्या खालचे पाणीही बहुतेक ठिकाणी चांगले निघते. हे खोल पाणी पिण्यापुरतेच वापरले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, कारण भातशेतीसाठी ते बेसुमार उपसले तर वरचे दूषित पाणी खाली ओढले जाईल. शेजारशेजारच्या दोन हातपंपांतही प्रमाण कित्येक पटींनी वेगळे असू शकते, म्हणून एका पंपाच्या तपासणीवरून दुसऱ्याची खात्री देता येत नाही.

आमच्या सुरक्षारक्षकांना मी हे सगळे सांगितले. छठला ते गावी जातील तेव्हा मीटरऐवजी आर्सेनिकचा तपासणी संच नेणार आहेत. त्यात पाण्याच्या नमुन्यात जस्त आणि आम्ल टाकतात. आर्सेनिक असेल तर आर्सिन वायू तयार होतो आणि बाटलीच्या तोंडाशी लावलेली मर्क्युरिक ब्रोमाइडची पांढरी पट्टी पिवळी, आणि प्रमाण जास्त असेल तर तपकिरी होते. हा वायू अतिशय विषारी असल्याने तपासणी घरात न करता अंगणात, उघड्यावर करायची, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले आहे. घरचा, शाळेचा आणि देवळाजवळचा, असे तीन पंप त्यांनी आधीच कागदावर लिहून ठेवले आहेत.