संध्याकाळी सातचा भोंगा आला कुठून

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून एक गाव आहे, साधारण तीन हजार वस्तीचं, बहुतेक शेतकरी आणि साखर कारखान्यावर कामाला जाणारी माणसं. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो. तो वाजला की घराघरातला टीव्ही बंद, मोबाईल बाजूला आणि पोरं दप्तर काढून बसतात, साडेआठला दुसरा भोंगा झाला की मग ज्याला जे लावायचंय ते लावा. याच्या बातम्या पार परदेशापर्यंत गेल्या, आमच्या ग्रुपवर पण तो व्हिडिओ दोन-तीनदा फिरून गेला आणि खाली सगळ्यांनी 'भारी आयडिया' म्हणून अंगठे टाकले. आयडिया भारी आहेच, पण ती एका दिवसात कुणाच्या डोक्यातून निघालेली नाही. आपल्याकडे संध्याकाळचा हा एक-दीड तास पिढ्यानपिढ्या कुणी ना कुणी राखत आलंय आणि मधल्या काळात तो कुणाच्या हातून कसा सुटला हे नीट बघितल्याशिवाय त्या भोंग्याचं मोल कळत नाही असं मला वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात जुनी गोष्ट परवचा. आता हा शब्द किती जणांना माहितीय कुणास ठाऊक. दिवेलागण झाली, देवापुढे दिवा लागला की शुभंकरोती, रामरक्षा, मारुतीचं स्तोत्र आणि त्यालाच जोडून पाढे, आणि पाढे म्हणजे नुसते बे ते तीस नव्हेत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनचे पाढे. माझ्या आजोबांना हे सगळं शेवटपर्यंत पाठ होतं, भाजीवाल्याने हिशेब सांगायच्या आत यांचं उत्तर तयार असायचं. हे पाठ का करायचे तर रुपयाचे १६ आणे, मणाचे ४० शेर, व्यवहार सगळा पाव-अर्ध्यात चालायचा, त्यामुळे औटकी येणारा पोरगा बाजारात फसायचा नाही. मग १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पुढच्या चार-पाच वर्षांत किलो आणि लिटर आले आणि औटकीची गरजच संपली. पाढ्यांतले निम्मे पाढे गेले तरी दिवेलागणीला एका जागी बसायची सवय मात्र बरीच वर्षं टिकून होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे. हा परवचा सगळ्या घरात होत नव्हता. ज्यांच्या घरी दिव्याला तेल नाही, आईबाप अंधार पडल्यावर रानातून येणार, त्या पोरांना असला तास मिळालाच नाही, आणि कित्येकांना तर जातीमुळे शाळेच्या आत बसायची सुद्धा सोय नव्हती. त्या पोरांसाठी हा तास कुणी तयार केला असेल तर तो वसतिगृहांनी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराड तालुक्यात काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीधर्माची पोरं एका पंगतीला जेवणार, स्वतः राबणार, आणि ठरलेल्या वेळी अभ्यासाला बसणार. आमच्या भागात आज पन्नाशी-साठीतल्या कुठल्याही साहेबाला, मास्तराला, कारखान्यातल्या इंजिनिअरला विचारा, मागे दोन पिढ्यांत कुठेतरी एक रयतेचं हायस्कूल नाहीतर बोर्डिंग निघतंच. घरात जे जमत नव्हतं ते बोर्डिंगच्या घंटेने जमवलं, त्यामुळे घंटा वाजवून पोरं अभ्यासाला बसवायची ही रीत आपल्या मुलखाला शंभर वर्षं ओळखीची आहे.

माझी स्वतःची आठवण आहे ती स्कॉलरशिपच्या वर्षाची. तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षा चौथी आणि सातवीला असायची (२०१६-१७ ला ती पाचवी आणि आठवीला नेली होती). आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला जे गुरुजी होते ते दिवाळीनंतर जादा तास घ्यायचे, आणि जानेवारी लागला की आम्ही सात-आठ पोरं जेवून, अंथरूण काखोटीला मारून शाळेतच झोपायला जायचो. प्रत्येकाने घरून कंदील आणायचा, काच पुसून आणायची, ज्याची काच काळी असेल त्याला गुरुजी काही बोलायचे नाहीत, स्वतःच्या धोतराच्या सोग्याने ती पुसून परत त्याच्यापुढे ठेवायचे आणि तेच आम्हाला जास्त लागायचं. दहा वाजले की कंदील बारीक, पहाटे पाचला परत वात वर. ज्या दिवशी शाळेत मुक्काम नसेल त्या दिवशी गुरुजी बॅटरी घेऊन गल्लीतून चक्कर मारायचे, घरात यायचे नाहीत, फक्त दारातून हाक मारायचे, 'काय रं, बसलाय का?', आणि आतून आई 'बसलाय गुरुजी' म्हणायची. मी बसलेलो नसलो तर आईला खोटं बोलावं लागायचं आणि तिला ते नको असायचं, म्हणून ती साडेसातलाच मला बसवायची. एवढी साधी यंत्रणा होती ती. गुरुजी गावातच राहायचे म्हणून ती चालायची, पुढे शिक्षक तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलवर ये-जा करायला लागले आणि संध्याकाळची चक्कर बंद पडली. यात त्यांचा दोष काढावा असं मला वाटत नाही, त्यांच्या पोरांची शाळा, बायकोची नोकरी तिकडेच असते. पण संध्याकाळी दारातून हाक मारणारं कुणी उरलं नाही हे खरंय.

आता टीव्ही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि खेड्यात संच पोचायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. १९८७ ला रविवारी सकाळी रामायण लागायला लागलं तेव्हा आमच्या गल्लीत एकच टीव्ही, त्या घराच्या ओसरीवर चपलांचा ढीग, पण ते रविवारी सकाळी, रोजच्या अभ्यासाला त्याचा धक्का लागत नव्हता. उलट सरकारला तेव्हा टीव्हीकडून शिक्षणाची फार आशा होती, १९८४ ला पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम बनवायला. विज्ञानाचे प्रयोग, गणिताच्या गमती, खूप चांगलं काम केलं त्यांनी, आणि २०१७ मध्ये ती संस्था बंद करून टाकली याचं मला अजून वाईट वाटतं. मोबाईलवर मुलांसाठी चांगलं मराठी काही नाही म्हणून आपण ओरडतो आणि तेहतीस वर्षं तेच काम करणारी संस्था ऐन मोबाईलच्या काळात आपल्या हातून गेली.

अभ्यासाच्या वेळेवर खरा घाला पडला तो १९९९-२००० नंतर, खासगी मराठी चॅनल एकापाठोपाठ एक आले आणि संध्याकाळी सातपासून दहापर्यंत रोजच्या मालिका लागायला लागल्या. नेमकी तीच वेळ. आणि त्या मालिका पोरं बघत नव्हती, घरातली मोठी माणसं बघत होती, पोरगं आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलंय आणि भिंतीपलीकडून सासू-सुनेचं भांडण ऐकू येतंय, मग त्याचं लक्ष कुठे असणार. शहरात निदान वेगळी खोली तरी होती, गावाकडे एका मोठ्या खोलीतच सगळं. त्यात लोडशेडिंग. २००५ नंतर काही वर्षं खेड्यात लाईटचे किती हाल होते ते ज्यांनी काढले त्यांनाच माहिती. पण त्याच काळातली एक गोष्ट मला इथे फार महत्त्वाची वाटते, अक्षय प्रकाश योजना. त्यात गावाने मिळून ठरवायचं की संध्याकाळच्या वेळात कुणी शेतीचा पंप लावायचा नाही, आकडा टाकायचा नाही, आणि त्याबदल्यात गावठाणात तेवढा वेळ उजेड मिळेल. अंमलबजावणी गावानेच करायची, म्हणजे ज्याने मोटर लावली त्याला शेजाऱ्यानेच जाऊन सांगायचं. सगळ्यांनी एकदम थांबायचं ही अट होती, एकाने मोडली की सगळ्यांचा उजेड जायचा.

त्याच्या आधी २०००-०१ ला ग्रामस्वच्छता अभियान येऊन गेलं होतं, तेव्हा ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील, आबा, आमच्याच सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. गाडगेबाबांच्या नावाच्या त्या अभियानात अख्खी गावं झाडू घेऊन बाहेर पडली, पहाटे शिट्टी वाजवत फिरणारी पथकं निघाली, उघड्यावर बसणाऱ्याला हात जोडून परत पाठवणारी. २००७ ला गावातली भांडणं गावातच मिटवायची तंटामुक्ती मोहीम आली. या सगळ्यातून गावाला एकत्र बसून रोजच्या वागण्याचा नियम करायचा आणि तो एकमेकांना पाळायला लावायचा हा सराव झाला. वडगावचा भोंगा याच पठडीतला आहे.

मग मोबाईल. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, योगायोगाने शिक्षकदिनाच्या दिवशी, आणि पहिले काही महिने डेटा फुकट. तरीही पोरांच्या हातात स्वतःचा फोन तेव्हा फारसा नव्हता. 'प्रथम' संस्थेच्या असर सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांच्या घरात स्मार्टफोन असल्याचं प्रमाण २०१८ ला साधारण ३६ टक्के होतं, ते २०२२ ला जवळपास ७५ टक्के झालं. चार वर्षांत दुप्पट. आणि मधे काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं, मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. ज्या मास्तरांनी आयुष्यभर मोबाईल लांब ठेवा म्हणून सांगितलं तेच घरोघर फोन करून सांगत होते की पोराला मोबाईल घेऊन द्या, ग्रुपवर अभ्यास टाकलाय. दुसरा इलाज नव्हता. लोकांनी शेळ्या विकून, हातउसने काढून फोन घेतले. काही शिक्षकांनी वेगळ्या वाटा काढल्या, सोलापुरात नीलमनगरला घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, काही ठिकाणी स्पीकर लावून शाळा भरवली. पण बहुतेक ठिकाणी शाळा फोनमध्येच होती आणि त्याच फोनमध्ये बाकीचं सगळं जग पण होतं. मोठ्या वर्गांच्या शाळा मधे थोड्या उघडल्या, परत बंद झाल्या, लहानांचं तर जवळपास दोन वर्षं असंच गेलं. शाळा उघडल्या तेव्हा पोरं वर्गात आली पण संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायची सवय मोडलेली होती. वडगावच्या सरपंचांनी बातम्यांमध्ये हेच सांगितलं होतं.

ज्यांना वाटतं की हा सगळा तंत्रज्ञानाच्या विरोधातला कार्यक्रम आहे त्यांच्यासाठी परितेवाडीचं उदाहरण सांगतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले सर, ज्यांना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि ज्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली, त्यांनीच पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणायची वाट दाखवली. पोराने मोबाईल धरला की धडा दिसतो, कविता ऐकू येते. आणि त्याच सरांच्या शाळेच्या गावात 'अलार्म ऑन, टीव्ही ऑफ' पण चालू झालं होतं, संध्याकाळी सातला अलार्म आणि घरातला टीव्ही बंद. एकच माणूस पुस्तकात मोबाईल आणतो आणि घरात स्क्रीन बंद करायला लावतो, आणि मला त्यात काहीच विसंगती दिसत नाही, कारण दोन्हीकडे पोरगं नेमकं काय करतंय यावर मास्तरांचं लक्ष आहे.

वडगावला पण नुसता भोंगा वाजवून भागलं नाही. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातल्या बायकांची बैठक झाली, भोंगा घ्यायचं ठरलं, पण सुरुवातीला बरेच जण ऐकत नव्हते, मग गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि रिटायर झालेले मास्तर घरोघर फिरले. मला तर त्या फिरणाऱ्या मास्तरांत आमचेच गुरुजी दिसतात, फक्त हातात बॅटरी नाही. शिवाय टीव्ही बंद करायचा तो आजीने, मोबाईल ठेवायचा तो बापाने सुद्धा, सगळ्यात अवघड भाग तो होता आणि तोच नेमका पकडला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला, म्हणजे बंदी फक्त पोरांवर. ते मला तितकं पटत नाही, बापाने रील बघत बसायचं आणि पोराला दरडावायचं हे कुठलं पोरगं ऐकणार. २०२४ च्या अखेरीला बेळगावजवळच्या अगसगे गावाने संध्याकाळी दोन तासांचा भोंगा सुरू केला, तिकडे सगळं घर धरलंय.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमच्या गावात भोंगा नाही, पण भावाने घरापुरतं सुरू केलंय. देवघराच्या बाजूला भिंतीत एक कोनाडा आहे, पूर्वी तिथे कंदील ठेवायचो, वरची भिंत अजून काळी आहे. सातला घरातले चारी फोन त्या कोनाड्यात. पुतण्या आठवीला आहे, स्कॉलरशिपला बसलाय, त्याने साडेसातला एकदा विचारलं की गणिताचा व्हिडिओ बघू का, सरांनी ग्रुपवर टाकलाय. भावाने फोन काढून दिला, स्वतः शेजारी बसला, दहा मिनिटांचा व्हिडिओ दोघांनी बघितला आणि फोन परत ठेवून आला. तेवढ्यात माझाच फोन कोनाड्यात वाजायला लागला, आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'वाजू दे, साडेआठला बघ.'