अपडेट बंद झालेल्या फोनवर वेबसाइट का उघडत नाही?

कपाटातला जुना अँड्रॉइड फोन काढला, चार्ज केला, वायफाय फुल, आणि तरी ब्राउझर सांगतो की कनेक्शन सुरक्षित नाही. बरेच जण इथेच ठरवतात की फोन गेला, आणि तो भंगारात जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण फोनचं काहीच बिघडलेलं नसतं, स्क्रीन ठणठणीत, प्रोसेसर ठणठणीत, अडलंय ते सर्टिफिकेटवर, म्हणजे वेबसाइटच्या ओळखपत्रावर.

आधी तारीख बघा. खूप दिवस पडून राहिलेल्या फोनची बॅटरी पार संपते आणि आतलं घड्याळ मागे जातं, कधीकधी थेट 1970 पर्यंत. प्रत्येक वेबसाइटच्या सर्टिफिकेटवर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं, आणि फोनच्या हिशेबाने आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं, मग तो ते नाकारतो. सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ नीट करा, कित्येकदा एवढ्यानेच काम होतं.

तारीख बरोबर असूनही अडत असेल तर दुखणं जरा खोल आहे. समोरची वेबसाइट खरी आहे की नाही हे फोन तलाठ्याचा दाखला तपासल्यासारखं तपासतो, म्हणजे दाखला कोणी दिला आणि तो शिक्का आपल्या ओळखीचा आहे का ते बघतो. या ओळखीच्या शिक्क्यांना रूट सर्टिफिकेट म्हणतात आणि त्यांची यादी जुन्या अँड्रॉइडमध्ये सिस्टिमच्या आत असते, ती फक्त सिस्टिम अपडेटमधूनच बदलायची (अँड्रॉइड 14 पासून ती वेगळी अपडेट होऊ शकते, हे फार आधीच व्हायला हवं होतं). अपडेट थांबले की यादीही तिथेच थांबते.

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था वेबसाइट्सना फुकट सर्टिफिकेट देते आणि जगातल्या कोट्यवधी साइट्स तिच्यावर चालतात. सुरुवातीला तिने दुसऱ्या कंपनीच्या जुन्या रूटचा आधार घेतला होता, त्याची मुदत 30 सप्टेंबर 2021 ला संपणार होती, आणि संस्थेचं स्वतःचं रूट अँड्रॉइड 7.1.1 पासूनच ओळखलं जायचं. त्याआधीचे फोन तेव्हा एकूण अँड्रॉइडच्या सुमारे एक तृतीयांश होते! मग एक भन्नाट गोष्ट कामी आली. अँड्रॉइड आपल्या यादीतल्या रूटची मुदत संपली का ते तपासतच नाही, त्यामुळे त्या मुदत संपत आलेल्या रूटचीच सही संस्थेच्या स्वतःच्या रूटवर घेतली गेली आणि जुने फोन आणखी तीन वर्षं चालले. 30 सप्टेंबर 2024 ला ती सोयही संपली.

आता काय करायचं? फायरफॉक्स रूटची यादी स्वतःसोबत आणतो, म्हणून क्रोममध्ये न उघडणारी साइट त्यात उघडू शकते. नवीन रूट हाताने टाकता येतं, पण अँड्रॉइड 7 पासून बहुतेक ॲप असं हाताने टाकलेलं रूट मानत नाहीत. अँड्रॉइड 4.4 किंवा त्याहून जुना फोन असेल तर त्यात टीएलएस 1.2 (वेबसाइटशी सुरक्षित जोडणी करायची पद्धत) आपोआप चालू नसतं, तिथे फार वेळ घालवू नका.

पण साइट उघडली म्हणजे फोन सुरक्षित झाला असं अजिबात नाही. सिक्युरिटी पॅच थांबल्यावर सापडलेली सगळी भोकं तशीच उघडी राहतात, त्यामुळे यूपीआय, बँक, मुख्य ईमेल यातलं काहीही त्यावर नको. सिम काढा, गाणी नि पुस्तकं मेमरी कार्डात भरा, नेट बंद ठेवा, असा फोन आजी-आजोबांना भजनं ऐकायला मस्त.

काही वस्तूंचं मात्र सर्टिफिकेट नाही, सर्व्हरच जातो. पेबल या स्मार्ट घड्याळाची कंपनी 2016 च्या शेवटी बंद झाली, 30 जून 2018 ला सर्व्हर बंद झाले, हवामान दाखवणं, ॲप स्टोअर सगळं थांबलं असतं. रिबल नावाच्या हौशी लोकांच्या गटाने स्वतःचे सर्व्हर उभे केले आणि घड्याळं चालत राहिली, मग जानेवारी 2025 मध्ये गुगलने आपल्या हाती आलेला त्या घड्याळाच्या सिस्टिमचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. कंपन्यांनी सपोर्ट बंद करतानाच कोड खुला करावा असं माझं ठाम मत आहे.

आणि जुना फोन वापरायला काढण्याआधी तो सपाट टेबलावर ठेवून बघा. मागचं कव्हर फुगलेलं दिसलं किंवा फोन डुगडुगला तर बॅटरी फुगली आहे, तो चार्जिंगला लावू नका, बॅटरी टोचू किंवा दाबू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.