नोतो: तीन वर्षांची कुरकुर आणि एक टीएमसी पाणी

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागात जमीन हादरू लागली, तेव्हा धुंदलवाडीच्या आसपासची माणसे घर सोडून थंडीत बाहेर झोपत होती. त्या दिवसांत एक दिलासा सगळीकडे ऐकू यायचा, शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडूनही: लहान लहान धक्के बसताहेत ते बरेच आहे, आतली ताकद थोडी थोडी निघून जाते, मोठा धक्का टळतो. ऐकायला पटते. जपानमध्येही पुष्कळांना असेच पटत असे. मात्र तिथल्या नोतो द्वीपकल्पात धक्क्यांची मालिका तीन वर्षे चालली आणि तिच्या शेवटी जे घडले, त्यानंतर हा दिलासा कुणाला देताना जीभ अडखळायला हवी.

नोतो हे होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून जपानच्या समुद्रात वर घुसलेले द्वीपकल्प. इशिकावा प्रांतात मोडते. टोकाला सुझू नावाचे छोटे शहर, त्याच्या पश्चिमेला लाखकामासाठी आणि सकाळच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले वाजिमा. तरुण मंडळी कानाझावा, ओसाका, टोकियोकडे निघून गेलेली आणि सुझूत निम्म्याहून अधिक लोक पासष्टी ओलांडलेले. घरे लाकडी, जुनी, वर जड कौलांचे छप्पर. कोकणातल्या एखाद्या आडगावाची लोकसंख्या डोळ्यांसमोर आणली की चित्र पुरे होते.

डिसेंबर २०२० मध्ये सुझूखाली बारीक भूकंपांची संख्या अचानक वाढली. सुरुवातीला ते दक्षिणेच्या बाजूला, बरेच खोल होत होते. मग २०२१ मध्ये पश्चिमेला, नंतर उत्तरेला, मग ईशान्येला नवे पुंजके दिसू लागले. घड्याळाच्या काट्यासारखे फिरत, आणि फिरता फिरता थोडे वर चढत. सप्टेंबर २०२१ मध्ये ५.१ चा धक्का बसला, १९ जून २०२२ रोजी ५.४ चा, ५ मे २०२३ रोजी ६.५ चा. या शेवटच्या धक्क्यात सुझूत एक जण दगावला आणि पुष्कळ घरे खिळखिळी झाली. २०२३ संपेपर्यंत माणसांना जाणवतील असे धक्के पाचशेच्या आसपास झाले होते.

शास्त्रज्ञांना कोडे पडले ते असे की नोतोखाली जिवंत ज्वालामुखी नाही. मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, वर सरकत असेल तर अशा मालिका होतात, ते ठाऊक होते; इथे मॅग्माचा पत्ता नव्हता. दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे अवाढव्य तुकडे, एकमेकांना भिडतात ती खोल सागरी गर्ताही इथे नाही, ती जपानच्या पलीकडच्या, पॅसिफिकच्या बाजूला. पण तिथे बुडालेला पॅसिफिक भूपट्ट तिरका खाली उतरत नोतोच्या खाली दोनशे किलोमीटरपेक्षा अधिक खोलीवरून जातो. समुद्रतळाचे खडक आपल्याबरोबर पाणी घेऊन बुडतात, खनिजांच्या रचनेत बांधलेले. खोलवरच्या उष्णतेने आणि दाबाने ते पाणी सुटे होते आणि वाट मिळेल तिथून वर येते. नोतोच्या दक्षिण पुंजक्याखाली विजेला कमी विरोध करणारा भाग खोलवर आढळला. तोही अशा द्रवाकडेच बोट दाखवतो.

क्योतो विद्यापीठाचे ताकुया निशिमुरा, कानाझावा विद्यापीठाचे योशिहिरो हिरामात्सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. त्यासाठी सरकारी जीपीएस केंद्रे अपुरी पडत होती, म्हणून त्यांनी सॉफ्टबँक या मोबाइल कंपनीच्या केंद्रांच्या नोंदीही घेतल्या. (कंपनीने ती केंद्रे आपल्या धंद्यासाठी उभारली होती, भूकंपशास्त्राचे भले हा फुकटचा फायदा.) सुझूची जमीन दोन वर्षांत सुमारे सात सेंटिमीटर वर उचलली गेली होती. ती उचलण्यासाठी सोळा किलोमीटर खोलीवर किती द्रव शिरला असावा? त्यांचे २०२३ मधले उत्तर: सुमारे २ कोटी ९० लाख घनमीटर. आपल्या हिशेबात हे जेमतेम एक टीएमसी भरते, म्हणजे खडकवासल्याच्या साठ्याच्या निम्मे. कोयनेच्या १०५ टीएमसीपुढे तर किरकोळच. एवढ्याशा पाण्याने जमीन फुगली, आणि त्यानेच भ्रंशाला, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतल्या भेगेला, ढिले केले.

ढिले केले म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात पाहता येते. गरम पाण्याने विसळलेला काचेचा पेला ओल्या ओट्यावर पालथा ठेवला की तो कधी कधी कुणी हात न लावता सरकतो. आत कोंडलेली हवा तापून फुगते, पेल्याला किंचित वर उचलते, आणि त्याचे वजन ओट्यावर पूर्वीसारखे पडत नाही. भ्रंशातले पाणी जवळपास हेच करते. पाणी वंगणासारखे काम करते अशी समजूत असते, पण खरे काम दाबाचे आहे. भ्रंशाचे दोन्ही काठ वरच्या खडकाच्या भाराने एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात. मधल्या फटीतले पाणी आतून उलटे रेटा देते, ती मिठी सैल होते, आणि आधीपासून साठलेला ताण जिथे नेमका काठावर आलेला असेल तिथे खडक घसरतो. पाणी पुढे झिरपते तसे धक्केही पुढे सरकतात. निशिमुरांच्या गटाच्या मते, नोतोत तर भूकंप होतात त्या खोलीच्याही खाली भ्रंशाचा भाग धक्का न देता, आवाज न करता, हळूहळू घसरत होता आणि वरच्या भागावरचा ताण वाढवत होता.

महाराष्ट्राचा याच्याशी जुना संबंध आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ च्या कोयना भूकंपानंतर तिथल्या धरणाच्या शिवाजीसागर जलाशयातल्या पाण्याचा आणि खालच्या खडकांचा संबंध जगभर अभ्यासला गेला, आणि त्यासाठीच पुढे कराडजवळ संशोधन प्रयोगशाळा उभी राहून कोयना भागात तीन किलोमीटर खोल विवर पाडण्यात आले. पालघरच्या मालिकेतही जमिनीखालच्या पाण्याचा हात असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. फरक इतकाच की आपल्याकडचे पाणी वरून, पावसातून किंवा धरणातून खाली जाते. नोतोचे पाणी खालून आले.

आता त्या दिलाशाकडे. भूकंपाचे मॅग्निट्यूड, म्हणजे ५.४, ६.५ हा आकडा, एकाने वाढले की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोनाने वाढले की हजार पट. २०२२ च्या ५.४ सारखे दोन हजार भूकंप एकत्र केले, तर एका ७.६ ची, म्हणजे या मालिकेच्या शेवटी आलेल्या मोठ्या भूकंपाची, भरपाई होते. नोतोत तीन वर्षांत ५.४ च्या तोडीचे धक्के हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. २०२३ च्या ६.५ सारखेसुद्धा पंचेचाळीस लागतील. लहान धक्क्यांनी ताकद संपते ही कल्पना अशी साध्या गुणाकारातच कोसळते. उलट प्रत्येक धक्का आजूबाजूच्या भ्रंशांवरचा ताण थोडा इकडे, थोडा तिकडे करतो, आणि कुठल्या बाजूला किती गेला हे आपल्याला नंतर कळते.

१ जानेवारी २०२४. नववर्षाची सुट्टी, त्यामुळे शहरांत गेलेली मुले-नातवंडे गावी आलेली. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी ५.५ चा धक्का बसला. पुन्हा एकदा तेच, असे म्हणेपर्यंत चार मिनिटांत ७.६. मालिकेच्या ठिकाणाजवळ भ्रंश फाटू लागला, आधी काही सेकंद रेंगाळला, आणि मग दोन्ही दिशांना धावत सुटला: पश्चिमेला द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्याखालून, ईशान्येला समुद्राखालून सादो बेटाच्या रोखाने. एकूण लांबी सुमारे १५० किलोमीटर. जपानची हादऱ्यांची मोजपट्टी ० ते ७ अशी असते. इशिकावातल्याच शिका आणि वाजिमात ती सातवर गेली. त्याच्या वर पट्टीच नाही.

त्सुनामीचा सर्वांत वरचा इशारा २०११ नंतर प्रथमच देण्यात आला. एनएचकेची निवेदिका प्रेक्षकांना अक्षरशः ओरडून पळायला सांगत होती, आणि ते ठरवून केलेले होते: २०११ च्या शांत, सभ्य सूचना लोकांनी मनावर घेतल्या नाहीत, हा धडा त्या वाहिनीने घेतला होता. सुझूच्या किनाऱ्यावर पहिली लाट एखाद्या मिनिटात पोहोचली, कारण भ्रंश किनाऱ्यालाच लागून होता. शेजारच्या टोयामा प्रांतात ती अपेक्षेपेक्षा लवकर आली. समुद्रतळावर दरड कोसळल्याने ती उठली असावी, असे निष्कर्ष निघाले.

वाजिमाच्या पश्चिमेला मात्र वेगळेच घडले. तिथे किनारा चार मीटरपर्यंत वर उचलला गेला. समुद्र काही ठिकाणी दोनशे मीटर मागे हटला, बंदरांतल्या होड्या कोरड्या चिखलावर बसल्या, पाण्याखालचे खडक पांढरे पडून उघडे झाले. डुबकी मारून शिंपले आणि शेवाळ काढणाऱ्या तिथल्या बायकांची वर्षानुवर्षांची ठिकाणे उन्हात आली. उचललेल्या जमिनीने तिथला त्सुनामीचा मारा कमी केला, हेही खरे. या किनाऱ्यावर गेल्या सहा हजार वर्षांत असे उचलले गेलेले तीन सपाट मंच एकावर एक दिसतात. नोतोचा उत्तर किनारा असा टप्प्याटप्प्यानेच घडत आला आहे, आणि २०२४ ने त्यात एक पायरी घातली.

मंच सांगतात की इथे मोठा भ्रंश आहे, आणि तो कागदोपत्रीही अज्ञात नव्हता. जपानचा समुद्र सुमारे दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी कवच ताणले जाऊन उघडला, तेव्हाचे भ्रंश आता आकुंचनाच्या दाबाखाली उलट दिशेने काम करतात. १९६४ चा निइगाता, १९८३ चा जपान समुद्राचा भूकंप आणि १९९३ मधला ओकुशिरी बेट उद्ध्वस्त करणारा भूकंप, हे सारे याच किनारपट्टीचे. २०१४ मध्ये केंद्रीय अभ्यासगटाने नोतोच्या उत्तरेचा भ्रंश ७.६ पर्यंतचा भूकंप देऊ शकतो, असे त्सुनामीसाठी गृहीत धरले होते. इशिकावाच्या हादऱ्यांच्या आराखड्यात मात्र १९९० च्या दशकातलाच अंदाज राहिला: ७.० चा भूकंप, मृत्यू ७. एकाच प्रांतासंबंधीच्या दोन फायलींत एकाच भ्रंशाची दोन मापे. मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट भ्रंशापेक्षा जास्त भयंकर वाटते, कारण ती कुणाला दिसत नव्हती असे नाही, जोडायची राहिली होती.

प्रत्यक्षात थेट भूकंपाने सव्वादोनशेहून अधिक माणसे मेली, बहुतेक कोसळलेल्या घरांखाली. सुझूत भूकंपाला टिकतील अशी घरे निम्मीच होती, तर देशभरात हे प्रमाण सत्त्याऐंशी टक्के होते. २०२३ मध्ये तडे गेलेल्या भिंतींची डागडुजी अजून उरलेली. म्हातारी माणसे आयुष्याच्या शेवटी हजारो येनचे नव्हे, लाखोंचे मजबुतीकरण कशाला करतील, आणि पुढे त्या घरात राहणार कोण, हा तिथला रोकडा प्रश्न होता. वाजिमात सकाळच्या बाजाराचा भाग आगीत जळून गेला, कारण भूकंपाने पाण्याच्या वाहिन्याच फुटल्या होत्या. रस्ते दरडींखाली, मदत उशिरा, हिवाळ्याची थंडी; निवारा केंद्रांत आणि नंतर आजारपणाने, दगदगीने गेलेल्यांसह मृतांचा आकडा पाचशेच्या वर गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये अतिवृष्टीने त्याच वाजिमा-सुझूत पूर आला आणि तात्पुरत्या घरांतही पाणी शिरले. जपानी आपत्ती व्यवस्थेचे कौतुक आपल्याकडे फार होते. नोतोत ती व्यवस्था पोहोचेपर्यंत पुष्कळ वेळ गेला, हे कौतुकात जोडून घ्यावे.

मग मालिका सुरू झाली की मोठा भूकंप येणारच का? तेही खोटे. जपानमध्येच नागानो प्रांतातल्या मात्सुशिरोत ऑगस्ट १९६५ पासून पाच वर्षे धक्के बसत राहिले, जाणवणारेच साठ हजारांहून अधिक. सर्वांत मोठा ५.४. तिथे जमिनीतून सुमारे एक कोटी घनमीटर पाणी उफाळून बाहेर आले, आणि शेवटी ती मालिका मोठा भूकंप न देताच विझली. पालघरमध्येही आजवरचे मोठे धक्के चारच्या आसपासच राहिले आहेत. नोतोच्या शेजारी ७.६ देऊ शकणारा लांबलचक भ्रंश ताणलेला पडून होता. मात्सुशिरोखाली तसा तयार भ्रंश बहुधा नव्हता. म्हणून मालिकेतले धक्के मोजत बसण्यापेक्षा त्या जागेच्या शेजारी काय आहे, हे आधी विचारावे लागते. हे उत्तर भूगर्भशास्त्रज्ञाकडे असते, भूकंपमापकाच्या आलेखात नसते.

नोतोनंतर जपान सरकारने नेमके तेच काम घाईने हाती घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये ह्योगोपासून निइगातापर्यंतच्या समुद्रातील, ७ किंवा त्याहून मोठे भूकंप देऊ शकणाऱ्या २५ भ्रंशांची यादी जाहीर झाली. पूर्ण मूल्यमापनाची वाट न पाहता, मध्येच. त्यानंतर २६ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री इशिकावाच्या पश्चिमेला समुद्राखाली ६.६ चा भूकंप झाला, जानेवारीत फाटलेल्या पट्ट्याच्या पश्चिम टोकाजवळ. त्या बाजूच्या किनाऱ्यावर शिकाचा अणुवीज प्रकल्प आहे, २०११ पासून बंद. सुझूतही एक प्रकल्प होणार होता. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला आणि २००३ मध्ये तो बासनात गेला.