रस्त्याकडेच्या जुन्या खुणा (खानदेश)

खानदेशातील जुन्या रस्त्यांच्या कडेला उरलेले मैलाचे दगड, पार बांधलेले वड, पाणपोया, बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) आणि कशासाठी बांधले हे गावालाही आठवत नाही असे चौथरे व खांब यांना मिळून येथे ‘खुणा’ म्हटले आहे. धुळे व जळगाव शहरांभोवती शेतजमिनी एन. ए. (बिगरशेती) होऊन प्लॉट पडू लागले आणि महामार्ग चौपदरी झाले, तसा या खुणा जागच्या जागी राखण्याचा प्रश्न पुढे आला.

मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून जातो; सुरतेकडून येणारा पूर्वीचा महामार्ग ६ (आता ५३) नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव असा येतो. १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर मेट्रिक पद्धत आली आणि मैलाचे दगड निरुपयोगी झाले. काही उपटले गेले, काहींवर नुसताच रंग चढला. रंगाचे पोपडे निघाले की खाली टाकीने कोरलेला आकडा दिसतो. अंतर त्याच ठिकाणापासून मोजलेले असेल, तर त्याला १.६०९ ने गुणून आजच्या किलोमीटरशी ताळा करता येतो. दगड उचलून बागेत शोभेसाठी बसवला की हा ताळा संपतो, म्हणून अशा ‘संवर्धना’ला फारसा अर्थ नाही. ज्या दगडाला कुणी शेंदूर फासला, तो मात्र सहसा वाचतो. जेसीबीवाला त्याला हात लावत नाही आणि कंत्राटदारही वळसा घेतो.

फरकांडे (ता. एरंडोल) येथील झुलते मनोरे ही खानदेशातील सर्वांत विक्षिप्त खूण. एक मनोरा हलवला की दुसराही डोलत असे. त्यांपैकी एक पडला, त्यामुळे ही गंमत आता ऐकण्यापुरतीच राहिली आहे.

कायद्याचा आधार तोकडा आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, आणि ती भरली तरी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची ठरून अधिसूचना निघावी लागते. एकट्यादुकट्या दगडासाठी ती कोण काढणार? खरा उपाय लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या, नकाशात आहे. चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती बहुधा विकायला अवघड अशा कोपऱ्यात ढकलली जाते. तीच बारवेभोवती किंवा पाराभोवती दाखवली, तर बिल्डरची एक चौरस फूटही जादा जमीन जात नाही. मात्र हे मोजणीच्या वेळीच व्हायला हवे. एकदा बारवेत भराव पडला की तिथे सातबाऱ्यावरच्या नोंदीपलीकडे काही उरत नाही, आणि पुष्कळदा तीही नसते.

वडांचे थोडे बरे आहे. राज्याच्या नागरी वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा मिळाला. पण हा कायदा नागरी क्षेत्रापुरता आहे, आणि प्लॉट पडतात ते बहुतेक हद्दीला लागून असलेल्या ग्रामपंचायतींच्या शिवारात.