वाळू समुद्राचं पाणी गाळून गोडं करत नाही

पुळणीपासून हाकेच्या अंतरावर विहीर आणि पाणी गोडं! कोकणात असं दिसलं की हमखास ऐकू येतं, "वाळूतून गाळून येतं ना, मीठ वाळूतच राहतं." हे खरं नाही. वाळू गाळ, शेवाळ अडवते. विरघळलेलं मीठ तिच्यातून आरपार जातं. घरी मिठाचं पाणी वाळूतून गाळून चाखून पाहा.

विहिरीतलं गोडं पाणी पावसाचं. ते जमिनीत मुरतं आणि समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगत राहतं. घनतेतला फरक जेमतेम अडीच टक्के, पण त्यातून निघणारा ढोबळ हिशेब मोठा आहे: भूजल समुद्रपातळीपेक्षा १ मीटर वर असेल, तर समुद्रपातळीखाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी. मला काळजी वाटते ती याच्या उलट बाजूची. पंपाने उपसून भूजल अर्धा मीटर उतरलं, तर खालचं खारं पाणी कालांतराने २० मीटर वर सरकू शकतं.

शिवाय गोड्या-खाऱ्या पाण्यातली ही सीमा जागची हलते. भरतीच्या लाटा चढावर पसरतात तेव्हा पाणी वाळूत भराभर मुरतं, ओहोटीला मात्र सावकाश बाहेर झिरपतं. म्हणून पुळणीखालची पाणीपातळी सरासरी समुद्रपातळीहून थोडी उंचच राहते आणि तिथे कधी कधी खारं पाणी गोड्याच्या वर बसलेलं सापडतं. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, नंतर ती परत येते. पुळणीचा उतार बदलला की पाण्याच्या वाटाही बदलतात.